मागची तारीख

कॅर्डलाच्या या कचेरीत मला बावीस वर्षं झाली.
जन्म, मृत्यू, लग्न, काडीमोड,
सगळं एकाच कपाटात
आणि एकाच शाईने.

नाताळानंतरच्या बोटीने नवे अर्ज आले.
त्यांत वर आणि वधू हे रकाने नव्हते,
होते फक्त जोडीदार, जोडीदार.
जुने अर्ज मी घरी नेले, चुलीत घातले.
चांगले पेटले. कागद जाड होता.

दुकानात हार्री म्हणाला,
आता लग्नाला काय अर्थ उरला, मारेत?
मी बटाटे निवडत होते.
हार्रीची दोन लग्नं माझ्याच हातची,
दोन्ही मोडल्याची नोंदही माझ्याच हातची.
अर्थ कुणी पळवला असेल
तर तो बाहेरच्यांनी नव्हे,
एवढं मनात आलं.
तोंडाने म्हटलं, अर्धा किलो पुरे.

माझं स्वतःचं चार वर्षं टिकलं.
उलो वाईट नव्हता.
तो घरात असला की खोली लहान वाटायची, एवढंच.
लोक मला लग्नाबद्दल विचारतात
तेव्हा खाटकाला मांसाबद्दल विचारावं तसं होतं.
मी म्हणते, कागदपत्रं आणा,
बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

फेब्रुवारीत त्या आल्या, वाइके आणि लेइदा.
बर्फातून, ढकलायच्या घसरगाडीवरून,
एक बसलेली, एक ढकलणारी.
अर्ध्या वाटेवर जागा बदलली म्हणाल्या.
अंगाला मासे धुरवल्याचा वास,
लेइदाच्या कोटाला शिंप्याची टाचणी तशीच राहिलेली.

दोनाचे चार हात करायचे, असं आपण म्हणतो.
इथे चारही हात आधीच कामाला लागलेले होते,
चौतीस वर्षं.
एकीचा अंगठा करवतीने तुटका,
दुसरीची बोटं संधिवाताने वाकडी.
दोन्ही मिळून एक दप्तराची सही जेमतेम होईल,
असं वाइकेच म्हणाली आणि स्वतःच हसली.

लेइदा हसली नाही.
मला नव्हतं करायचं हे, ती म्हणाली,
लग्न आईने केलं होतं, पुरे होतं तेवढं.
पण मागच्या वर्षी हिला दवाखान्यात नेलं
आणि दारातल्या पोरीने विचारलं, आपण कोण?
मी म्हटलं, शेजारीण.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले
आणि तेही धड नाही.
आत सोडलंच नाही तिने.

मी अर्ज पुढे सरकवला.
वाइकेने चष्मा पुसला, बराच वेळ वाचलं,
मग बोट ठेवलं तारखेवर.

मागची तारीख घालता येईल का?

किती मागची?

एकोणनव्वदचा ऑक्टोबर. दिवस आठवत नाही.
गाय व्यायला अडली होती, लेइदा कंदील घेऊन आली,
वासरू झालं, आणि ती परत गेलीच नाही.

कायद्यात तशी सोय नाही.
मी ते सांगितलं, माझ्या कचेरीतल्या आवाजात,
जो मला स्वतःलाही आवडत नाही.
मग आजपर्यंत आम्ही कोण होतो?
असं तिने विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं,
माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण निदान तो प्रश्न तिचा झाला असता.

शिक्का मारला. शाई जरा पसरली.
लेइदा म्हणाली, एवढंच?
एवढंच, मी म्हटलं.
तीनच्या आत अंधार पडेल, निघा.

दारात त्यांचं भांडण लागलं,
चुलीची झडप लावली की नाही यावरून.
ते भांडण ऐकत मी खिडकीत उभी राहिले,
गाडी वळणापर्यंत जाईतो,
आणि मग बटणांच्या डब्यातून
उलोची अंगठी काढली, बोटात घालून पाहिली.
येत नाही आता.
परत डब्यात टाकली
आणि एकोणनव्वदचा ऑक्टोबर
पेन्सिलीने, अगदी पुसट,
नोंदवहीच्या समासात लिहिला.