माया सोडून

बँकेतल्या बाईंची कराडला बदली झाली
तेव्हा सात ब्लाउजांची शिलाई राहिली होती.
पैशांऐवजी काचेची टाकी देऊन गेल्या,
आत निळे खडे, प्लास्टिकचा शिंपला
आणि हवेची एक नळी, जी अजून घोरते.
आपले सोनेरी मासे त्यांनी सोबत नेले
दोन पिशव्यांत, एसटीच्या खिडकीशी धरून.

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं दुकान.
गिऱ्हाइकं विचारायची, ह्यात काय ठेवतेस, बटणं?

कार्तिकात इनास आला, पाग खांद्यावर,
गुडघ्यापर्यंत चिखल, आणि डालड्याच्या डब्यात
कालुंदराची तीन पिल्लं.
विकण्याजोगी नव्हती, टाकवतही नव्हती त्याला.
"खाडयेतली आसत. तुझी बाव गोडी.
सोसतली, पण एकदम नको.
पोराचा दूध तोडतत, तसा मीठ तोड."

अकरा दिवस मी मीठ तोडलं.
एक तांब्या खाडीचं पाणी काढायचं,
एक तांब्या बावीचं घालायचं,
सकाळी, जेवणाआधी, दिवा लावताना.
बोट बुडवून जिभेला लावायचं:
आज कालवणाएवढं,
आज पेजेएवढं,
आज घामाएवढं,
आज नुसतं संशयाएवढं.
चौथ्या दिवशी एक गेलं.
नवव्या दिवशी दुसऱ्याच्या पाठीवर पांढरी बुरशी दिसली,
तेव्हा चिमूटभर खडेमीठ टाकलं
आणि दोन दिवस मागे आले.
इनासला सांगितलं नाही.

उरलेली दोघं राहिली. भात खायची, शेवाळ खायची,
कात्रीचा आवाज झाला की वर यायची.
फक्त रंग उतरला,
पहिल्या धुण्यातल्या सुती कापडासारखा.
पुनवेच्या भरतीला पश्चिमेच्या काचेला लागून उभी असत.
मला वाटायचं म्हणून असेल.
त्या काचेला ऊनही असतं.

कापड बेतताना शिवणीच्या आत मी माया सोडते.
नवरीच्या ब्लाउजला दोन बोटं,
शाळेच्या गणवेशाला तीन.
बाहेरून दिसत नाही. अंग भरलं की उसवायचं,
घडीतलं कापड नव्यासारखं बाहेर येतं.
ह्या दोघांच्या आतही कुणीतरी सोडलेली असणार
गोड्याकडे एवढी, खाऱ्याकडे एवढी.
पण माया आहे म्हणून
सगळीच वापरून टाकणारं गिऱ्हाईक
मला कधी आवडलं नाही.

मग वैशाखात आमची बाव फिरली.
दर दोन-तीन वर्षांनी फिरते. खाडी आतून येते,
कुणाला न विचारता, झऱ्याच्या वाटेने.
आधी चहा फाटला.
मग डाळ तीन शिट्ट्यांनंतरही खडखडीत.
शेजारच्या सुलभावहिनीने आंघोळीनंतर
केसांना हात लावून शिव्या दिल्या.
मंगळवारी-शुक्रवारी पंचायतीचा टँकर,
हंडे, नंबर, कुणाचा नळीखाली आधी गेला ह्यावर भांडण.

टँकरचं पाणी माशांना कोण घालणार?
मी सवयीने बावीचंच आणत राहिले.
बोट जिभेला लावणं केव्हाच सुटलं होतं.

आठवड्याने मशीनवरून मान वर केली
तर धाकट्याच्या अंगावर पट्टे,
आठ, काळेभोर, शिसपेन्सिलीने आखल्यासारखे,
आणि मध्ये मोत्याचे ठिपके,
कुणीतरी आतल्या बाजूने सुई टोचत गेल्यासारखे.
थोरलं प्लास्टिकचा शिंपला तोंडाने घासत होतं,
एक कोपरा, पुन्हा तोच कोपरा,
पाहुणे येणार असल्यासारखं.
मी बोट बुडवलं.
घामाएवढं.

गावात सगळे बाव गोडी व्हायची वाट बघतात.
मीही बघते. माझीही डाळ शिजायची आहे.
जूनच्या अखेरीला होईल, दरवेळी होते.

काल रेशनच्या दुकानातून
दोन किलो खडेमीठ आणलं.
तारीभावजी तोलताना म्हणाले,
"यंदा लोणचा घालतंस काय गो?"
होय, म्हटलं.