नाण्याएवढा भार

लश्करात, जनकगंजला,
गजकवाल्याच्या वर त्यांची खोली.
खाली तीळगूळ कुटतात, धबाधब,
फरशी थरथरते.
वर फाळकेबाई
माझ्या मुलाच्या डोक्याखाली तळवा सरकवतात
आणि थांबतात.

चिमट्यानं ओढून काढलेला हा.
अडीच महिने झाले, दिवेलागणीला सुरू होतो,
लालबुंद होईतो रडतो.
"दाबायचं नाही," त्या म्हणतात,
"पाचाच्या नाण्याएवढाच भार.
पुढचं तोच सांगेल."

त्यानं काही सांगितलं नाही.
रडला.
मग त्यांनी दुसरा हात
न विचारता माझ्या पाठीवर ठेवला,
टाके ओढतात त्याच्या बरोब्बर मागे,
आणि खालचं कुटणं
मला ऐकू येईनासं झालं.

घरी विश्राम म्हणाला, केलं काय त्यांनी?
हात ठेवला.
एवढंच? याचे तीनशे?
मी दुपटी वाळत घालत राहिले.

रात्री गारठ्यानं जाग आली
तर हा भिंतीशी मांडी घालून,
एक हात मुलाच्या डोक्याखाली,
श्वास रोखलेला.
दुसऱ्या, उघड्या तळहातावर
पाचाचं नाणं,
ते पुन्हापुन्हा तोलत होता.