पगार थांबला ती तारीख

अकरा नोव्हेंबर. सकाळी सहापासून
हॉलच्या मागच्या खोलीत मी वाटाण्याचं सूप ढवळतेय.
खारं मांस रात्रीच भिजत घातलं होतं.
बाहेर धुकं, धक्क्याच्या पायरीपर्यंत आलेलं.

इथे कुणी कुठे बसायचं ते लिहून ठेवलेलं नाही,
तरी ठरलेलं आहे.
खिडकीशी इटलीवाले, म्हणजे आता एकटे सायलस बंगे,
तेही दोन्ही कानांनी गेलेले.
शेगडीशी कोरियावाले.
आणि यंदा स्ट्रिकलंडांची डेल्फीन,
कंदाहारला ट्रक दुरुस्त करून आलेली पोर.
तिला कुणी नको म्हटलं नाही.
बस असंही म्हटलं नाही.
ती कोटांच्या खुंट्यांपाशी उभी.

माझे वडील या हॉलमध्ये कधी आले नाहीत.
अँब्रोज किपिंग. न्यूफाउंडलंडचा माणूस,
व्यापारी जहाजाच्या पोटात, बॉयलरपुढे,
लढाईची पाच वर्षं कोळसा मारत होता.
दोनदा पाण्यात पडले.
दुसऱ्यांदा सात दिवस होडीत. बसली अकरा माणसं,
उतरली सहा.
घरी आल्यावर आईनं पगाराचं पाकीट उघडलं
तर महिना अर्ध्यावर तुटलेला.
जहाज बुडालं त्या तारखेला पगार थांबला होता.
"बरोबरच आहे," वडील म्हणाले, "जहाजच नाही तर नोकरी कसली?"
आणि हसले.
ते हसणं मला आवडायचं नाही.

मग लढाई संपली, मिरवणूक निघाली.
अध्यक्षांनी त्यांना दारातच थांबवलं,
नीट, नावानं हाक मारून:
"अँब्रोज, तू पैशासाठी गेलास रे. हे सैन्यात होते."
सैन्यातही पगार मिळतो, हे वडील बोलले नाहीत.
मी बोलले असते. मी नऊ वर्षांची होते.

दर वर्षी अकराच्या ठोक्याला ते मागच्या गल्लीत
मासे वाळवायच्या माचांमध्ये उभे राहायचे,
टोपी काढून.
दोन मिनिटं नव्हे. बरीच जास्त.

झोपायचे जिन्याच्या वरच्या पायरीशी, बूट घालून.
तळातल्या माणसाला वर यायला किती पायऱ्या,
हे त्यांनी प्रत्येक घरात मोजलेलं असायचं.
आमच्याकडे तेरा.

ते गेल्यावर पाच वर्षांनी सरकारचं पत्र आलं.
कायदा बदलला होता.
नावाआधी दोन शब्द छापलेले: माजी सैनिक.
आईनं चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"माजी," ती म्हणाली. "आजी कधी होता?"

गेल्या महिन्यात हॉलचा सेक्रेटरी घरी आला.
भिंतीवर फोटो लावू म्हणाला,
फक्त गणवेशातला द्या, बाकीच्यांशी जुळेल असा.
गणवेश नव्हता. स्वेटर होता, आईनं विणलेला,
कोपरांवर दोन वेगळ्या रंगांची लोकर.
मी फोटो दिलाच नाही.
त्यांचं खलाशी-पुस्तक दिलं, त्या पानावर उघडून:
प्रवास अपूर्ण. जहाज बुडाले.
कौशल्य: उत्तम. वर्तणूक: उत्तम.
शिक्का थोडा तिरका.

सेक्रेटरीनं जागा शोधली ती खुंट्यांच्या वर,
जिथे ओले कोट लोंबतात.
डेल्फीननं ते वाचलं, मान वाकडी करून.
मी वाडगे मांडत होते.
"हुद्दा काय होता?"
"फायरमन."
"आगी विझवायचे?"
"नाही गं. विझू द्यायचे नाहीत."

ती पुन्हा वाचायला लागली, पहिल्या ओळीपासून.
नखांच्या कडांना तिच्या अजून काळं होतं,
ते साबणानं जात नाही, मला माहीत आहे.

अकराला पाच कमी.
बंगेंनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं,
शांतता ऐकायला ते लागत नाही म्हणून.
मी सुपाचा पहिला वाडगा भरला
आणि कुठल्या टेबलावर ठेवायचा ते न सुचून
हातातच धरून उभी राहिले.
चटका बसत होता.