ठसका

मे महिन्यात धुळ्यात द्रव नायट्रोजन हवा असेल
तर गुरांच्या दवाखान्यातला सुपडू कोळी गाठावा लागतो.
त्याच्या कॅनमध्ये एरवी वळूंचं बीज असतं,
आज चार लिटर आमच्यासाठी, उधार.
"हात नका लावा सर. थंडं शे, पन जाळस."
बाहेर पंचेचाळीस.

गोळी आम्हीच भाजलेली. काळी, रुपयाएवढी,
इट्रियम, बेरियम, तांबं, आणि पोटात ऑक्सिजन.
ही तिसरी. आधीच्या दोन
भट्टी तापलेली असताना वीज गेली म्हणून वाया.
चांदीच्या लेपाने चार तारा चिकटवल्या,
शेजारी तांब्याच्या तारेचं वेटोळं, ताडून पाहायला.

पारा उतरू लागला. कल्याणी भदाणे आकडे वाचते,
मी आलेखावर टिंबं देतो.
दोन्हींची रेघ सरळच.
ती हिरमुसली: "मग हिला विचित्र धातू का म्हणायचं?"

ब्याण्णव केल्विनवर गोळीचा रोध कोसळला. शून्य.
प्राचार्यांना याचाच फोटो हवा होता, काढला, गेले.
मला हवी होती
कोसळण्याआधीची रेघ.

स्केल ठेवली, पेन्सिलीने रेघ मागे वाढवली.
तांब्याची पन्नासच्या आसपासच अक्षाला टेकली;
म्हणजे खरं तांबं त्याआधीच कुठेतरी वळतं,
थंडीत निवांत होतं.
गोळीची मात्र जवळपास थेट कोपऱ्यात,
जणू तापमान सोडून
ती कोणाचंच देणं लागत नाही.
अतिवाहकता आडवी आली नसती
तर अशीच खाली चालत गेली असती.

तांब्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनला नाव असतं, मी सांगू लागलो,
धडकतो, वळतो, तरी तोच राहतो.
इथे धडक आहे
आणि धडकणारा सापडत नाही.
"म्हणजे?"
म्हणजे...
इथे मी अडतो. वीस वर्षं इथेच.

कल्याणी दोंडाईच्याची.
"सर, आमच्याकडे मिरच्या वाळत घालतात, एकरभर, लालभडक.
वारा फिरला की अख्खी गल्ली खोकते.
ठसका कोणत्या मिरचीचा,
असं कोणी विचारत नाही."

मी वहीत लिहून घेतलं नाही.
पेपरात कोणी असं लिहिलं
तर मला मार्क देता येणार नाहीत.

संध्याकाळी सुपडू कॅन न्यायला आला.
तळाशी उरलेलं केव्हाच उडून गेलं होतं.
आलेखाकडे बघत राहिला बराच वेळ, मान तिरकी करून.
"हाई तं सरळ शे," म्हणाला,
"मंग भानगड काय शे?"