तैसिया नव्या मुलीला सांगते

हा उंबरा ओलांडलास की बोलणं बंद, ग्लाफिरा.
जे काय विचारायचं ते आत्ताच विचारून घे,
इथे भट्टीपाशी, बूट चढवता चढवता.
आत शिंकसुद्धा बाहीत दाबायची.

हा झगा. धुवायचा नाही.
आठ दिवस स्प्रूसच्या फांदीवर लटकत होता,
त्याला आता माणसाचा वास नाही, निदान कमी आहे.
साबण नको, कांदा नको,
आणि केसांना जे काही शहरातलं लावलंयस ना,
ते आज रात्री काढून टाक.

गेल्या जानेवारीत दोघं आली.
लाकूडतोडीचं यंत्र गुहेवरूनच गेलं.
आई उठली ती पळाली, परत फिरकली नाही.
प्रोखोरने आणली नमद्याच्या बुटांत घालून,
एका बुटात एक.
मला वाटलं, बूट शिवायला आणलेत.
मग त्यातला एक बूट रडला.

डोळे मिटलेले, वजन साखरेच्या पुडीएवढं.
दर तीन तासांनी दूध,
आणि दूध झालं की ओल्या फडक्याने पोट चोळायचं,
नाहीतर त्यांना मुतायचंही सुचत नाही.
आई ते जिभेने करते.
आपल्याकडे फडकं आहे.

पिताना ती गुणगुणतात.
हे तुला कुणी सांगितलं नसेल.
लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालू असावा
तसा पोटातून येतो आवाज,
बाटली रिकामी झाली तरी थोडा वेळ चालूच राहतो.

फेब्रुवारीत एका रात्री
(उणे एकतीस, काचेवर आतून बर्फ)
माझ्या ध्यानात आलं, खोलीत तीन आवाज आहेत.
तिसरा माझा.
किती रात्री चाललं होतं कोण जाणे.
मी ओठ मिटले,
पण धाकट्याने, गळ्याशी पांढरा पट्टा असलेल्या,
पिणं थांबवून मान वर केली होती.
डोळे तोवर उघडले होते त्याचे.

वहीत मी वजन लिहिलं, दूध लिहिलं.
हे लिहिलं नाही.

उन्हाळ्यात कुंपणातल्या रानात सोडली.
कुजक्या खोडातल्या मुंग्या त्यांना कुणी शिकवल्या नाहीत,
झाडही शिकवलं नाही.
माझं पाऊल वाजलं की थोरला शेंड्यावर.
शहाणा.
धाकटाही चढायचा, पण अर्ध्यापर्यंत.
आणि पलीकडच्या रस्त्याने खरोखरचा ट्रॅक्टर गेला
की दोन पायांवर उभा राहून ऐकायचा.

ऑगस्टमध्ये दलदलीपलीकडे नेली, चाळीस किलोमीटर.
पेटीचं दार वर ओढलं.
थोरला गोफणीतून सुटल्यासारखा गेला.
धाकटा बाहेर आला, हुंगलं, बसला,
आणि वळून बघायला लागला.

आठ महिने तोंडात धरलेला शब्द, ग्लाफिरा,
कुठला बाहेर पडला सांगू?
शिवी.
माझा बाप अडेल घोड्याला द्यायचा ती.
नवऱ्यालासुद्धा मी कधी दिली नव्हती.
पातेलं बडवलं. चिखलाचा गोळा फेकला,
तो खांद्यावर बसला त्याच्या.
तेव्हा पळाला.
पळताना मागचे तळवे दिसले,
अनवाणी पोराचे असतात तसेच असतात ते.

परतताना प्रोखोर म्हणाला, नेम चांगला आहे तुझा.
सूर्यफुलाच्या बिया पुढे केल्या.
माझा हात चिखलाचा होता, घेतल्या नाहीत.

शिकारीचे दिवस सुरू झाले की मी बार मोजते.
मोजून काय होतं?
काही होत नाही. मोजते.

असो. आत चार आहेत या खेपेला.
दूध मनगटावर टाकून बघ, कोमट हवं.
जाळी तोंडावर ओढ.
गुणगुणायचं नाही,
आणि गुणगुणलीसच कधी, तर वहीत लिही.
वेळ घालून लिही.

दोन वाजले. चल.