दर लाखी

मिरज तालुका सगळ्यांत वर येतो.
साहेब म्हणाले, गडद लाल द्या.
दिला. मग माउस सोडून
खिडकीतून रिक्षास्टँड बघत बसले.

मिरजेत लोक मरायला येतात, साहेब.
म्हणजे येतात जगायलाच, एस.टी.नं,
मांडीवर एक्स-रेचं पाकीट, पिशवीत भाकरी,
आणि दाखला मात्र इथला निघतो.

जत नकाशावर जवळजवळ पांढरं.
पाच वर्षांची रेघ आडवी, झोपल्यासारखी.
तिथं कुणाला काही होत नाही असं नाही.
तिथं लिहितात, वयानं गेले.
सांगतात, अन्न जाईना झालं होतं.
एवढ्याला माझ्याकडे कोड नाही.

उमदीचा बिराप्पा कोळेकर, वय एक्कावन्न, घसा.
बायको दाखला न्यायला आली तेव्हा
वाचून दाखवलं, मृत्यूचं ठिकाण: मिरज.
ती म्हणाली, "मिरजंत आमचं कोन हाय, बाई?
सतरा दिस निस्ती खाट हुती."

आज ऑफिस सुटल्यावर
बिराप्पाची ओळ उचलली
आणि जतमध्ये नेऊन ठेवली.
इथला आकडा एकानं उतरला, तिथला एकानं चढला.
लाखाच्या हिशेबात बसवल्यावर
दशांश चिन्हापलीकडे काहीतरी हललं.
रंग तेच राहिले.

अजून तीनशे बारा ओळी आहेत,
पत्ते कुणाचे अर्धे, कुणाचे नुसतेच "मु. पो."
आमचं गाव तासगावकडचं.
आईची ओळ कितवी आहे ते मला पाठ आहे.
तिच्याकडे शेवटी येईन.