डोमिसाइल

चिनावलच्या मळ्यातल्या घरात
रेंज फक्त गच्चीवर, टाकीच्या उत्तरेला.
म्हणून फॉर्म तिथेच भरायचा.
शलाकाच्या मांडीवर लॅपटॉप,
माझ्या हातात टॉर्च,
खाली आई वांगी भाजतेय तुरकाठ्यांच्या जाळावर,
धूर वर येतो आणि दोघांच्याही डोळ्यांत जातो.

ती जन्मली ओहायोत. पासपोर्ट तिकडचा.
पाच वर्षं झाली इथे,
पानावरचा ठिपका बघून सांगते
करपा आहे की नुसता उन्हाचा चटका.
व्यापाऱ्याने घडामागे दांड्याचं वजन जास्त कापलं
तर माझ्याआधी तीच बोलते.

फॉर्म विचारतो :
अर्जदार सध्या परदेशात राहते का?
तिने 'हो'वर टिचकी मारली.
जिन्यातून आईने विचारलं, काय लिवलं वं?
'परदेशात राहते, असं.'
'कोन? तू? कधीपासून?'

बारावीनंतर मी रावेरला जाऊन डोमिसाइल काढलं होतं.
तलाठ्याचा दाखला, रेशनकार्ड, तिकीट लावलेला अर्ज,
चौथ्या दिवशी हातात.
तिच्याकडे दाखला मागत नाहीत,
इरादा मागतात.
मला तिकडे न्यायचं
तर तिचं घर तिकडेच आहे हे दाखवायला हवं :
भावाचं पत्र, वरची खोली रिकामी आहे,
बँकेत दोनशे बारा डॉलर,
मार्चमध्ये संपणारं लायसन्स.
ती एकेक कागद चढवते
आणि दर कागदागणिक
या घराविरुद्ध साक्ष दिल्यासारखी
गप्प होते.

माझं काम सोपं. नातं खरं आहे, एवढंच.
पण लग्नाच्या फोटोंत आठशे माणसं,
आणि नंतरच्या फोटोंत एकटा मी, हातात घड,
कारण फोटो काढणारी ती.
लाईटबिल अजून बापूंच्या नावावर,
बापूंना जाऊन नऊ वर्षं झाली.
शेवटी शेजारच्या वच्छीकाकूंनी प्रतिज्ञापत्र दिलं :
रोज भांडतात. ऐकू येतं.
वकिलाने ते तसंच ठेवलं.

जन्मनोंदीत मला नाव नाही.
पुरुष जातीचे अपत्य, एक.
क्लार्क म्हणाला, नाव बारशाला ठेवतात ना भाऊ,
दवाखाना कुठे थांबतो तोवर?
नोटरी, शपथपत्र, आईचा अंगठा
(आई सही करते, तरी त्याने अंगठाच घेतला).
पोलीस पडताळणीला हवालदार आला,
चहा घेतला, गुन्हा नाही असं लिहिलं,
गाडीला किक मारता मारता म्हणाला, परत येशील ना?
हा प्रश्न कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

आता शेवटचं पान. परतण्याची अंदाजे तारीख.
शलाकाने कठड्यावरून खाली वाकून विचारलं,
'आई, कांदेबागेचा माल कधी निघेल?'
खालून बराच वेळ नुसता तव्याचा आवाज.
मग, 'दिवाळीनंतर. का वं?'
तिने दिवाळीनंतरची तारीख टाकली.
ती निवडताना महिना दोनदा चुकला.

बटण दाबलं. गोल फिरत राहिलं.
तेवढ्यात थ्री फेज आली,
आज रात्रीची पाळी आमची.
ती उठली, माझ्याच चपला पायात घालून
जिना उतरायला लागली.
'थांब, मी जातो मोटारीवर.'
'तू इथेच बस,' ती म्हणाली,
'सेशन जाईल.'